पगारपत्रकातले दोनशे रुपये

मागच्या शनिवारी सकाळी साडेनऊला पक्या (नाव अर्थातच बदललंय) लॅपटॉपची बॅग खांद्याला लावून माझ्या दारात हजर. शनिवारी लॅपटॉप कशाला, असं विचारणार तेवढ्यात त्यानेच सांगून टाकलं. तीन आठवड्यांपूर्वी त्याला कंपनीने काढलं. अकरा वाजता एक मीटिंग, साडेअकराला मेल बंद, बाराला कार्ड बंद. घरी अजून सांगितलेलं नाही. रोज सकाळी नेहमीच्या वेळेला डबा घेऊन निघतो आणि कुठल्यातरी कॅफेत नाहीतर लायब्ररीत बसून अर्ज टाकत राहतो. आज 'वीकएंड सपोर्ट' आहे असं सांगून निघाला होता. बॅगेत लॅपटॉप त्याच्या बहिणीचा.

चहा झाला, शिव्या घालून झाल्या, मग आम्ही त्याच्या शेवटच्या हिशेबाचे कागद काढून बसलो. काय मिळणार, काय कापणार, ईएमआय किती महिने निघेल, वगैरे. तेव्हा पगारपत्रकातल्या एका ओळीवर बोट ठेवून पक्या म्हणाला, "हे पीटी दोनशे काय असतं रे? सहा वर्षं दर महिन्याला कापतायत. आता नोकरी गेली, तर यातून मला काही मिळणार का?"

मी म्हटलं, प्रोफेशनल टॅक्स, म्हणजे व्यवसाय कर. महिन्याला २००, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे बरोब्बर २,५००. इतपत मला माहीत होतं. पण तो कशासाठी असतो? माझीही दांडी गुल. साला, रोज दुसऱ्याच्या कोडमधले बग शोधतो आपण, पण स्वतःच्या पगारपत्रकातली एक ओळ कधी उघडून बघितली नाही.

पक्या गेल्यावर शोधायला बसलो आणि तो अख्खा वीकएंड त्यातच गेला. कारण ती ओळ जाऊन पोचली थेट माझ्या आजीपर्यंत. कशी, ते सांगतो.

माझी आजी माण तालुक्यातली. सातारा जिल्हा म्हटलं की लोकांना महाबळेश्वर आठवतं, पण त्याच जिल्ह्याच्या पूर्वेला दहिवडीच्या बाजूला गेलात तर पाऊस फक्त कॅलेंडरवर असतो. बाहत्तरच्या दुष्काळात आजी बाविशीची होती आणि माझा मोठा काका तिच्या कडेवर होता. लहानपणी सुट्टीत गावी गेलो की ती सांगायची, "सुकडी खाऊन मोठा झालाय तुझा काका." सुकडी म्हणजे दुष्काळी कामावर मुलांना वाटायचे ते पौष्टिक पीठ. आणि मिलो, म्हणजे परदेशातून आलेली लाल ज्वारी. तिची भाकरी थापायला गेलं की चिरायची. त्या मिलोला आजी आजही नावं ठेवते. पण जगवलं तिनेच, हेही ती लगेच पुढे जोडते.

आजी खडी फोडायची. सकाळी मस्टरवर नाव लागायचं, मग दिवसभर दगड, हातोडा आणि ऊन. संध्याकाळी ढीग मोजला जायचा, आणि आठवड्याने पगार. लहानपणी ही मला एक गोष्ट वाटायची, राक्षसाच्या गोष्टीसारखी. तिच्यामागे एखादी योजना, एखादा कायदा, कोणीतरी बसून केलेला हिशेब असेल, हे डोक्यातच आलं नव्हतं.

तर इतिहास. जरा मागून सुरुवात करू.

दुष्काळात सरकारने लोकांना काम द्यायचं ही कल्पना इंग्रजांच्या काळापासूनची आहे. १८७६ ते ७८ या काळात दख्खनमध्ये आणि दक्षिण भारतात भयानक दुष्काळ पडला. लाखो माणसं मेली. सरकारने कामं काढली होती, नाही असं नाही. पण त्या वेळी सरकारला मुख्य काळजी होती ती खर्चाची, आणि गरज नसलेली माणसंही कामावर येतील याची. सर रिचर्ड टेंपल या अधिकाऱ्याच्या हिशेबात दिवसाला एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे एवढ्यावर कष्टाचं काम करणारा माणूस जगू शकत होता. मजुरी अशी कमी केली आणि माणसांना घरापासून लांबच्या कामांवर धाडायला सुरुवात केली, तेव्हा १८७७ च्या सुरुवातीला मुंबई इलाख्यात हजारो दुष्काळग्रस्त मजुरांनी चक्क काम बंद केलं. विचार करा, उपाशी माणसांचा संप! पुण्याच्या सार्वजनिक सभेने, म्हणजे आपल्या 'सार्वजनिक काका' गणेश वासुदेव जोशींच्या संस्थेने, त्यांची बाजू सरकारकडे लावून धरली.

त्यानंतर रिचर्ड स्ट्रेची यांच्या अध्यक्षतेखाली दुष्काळ आयोग नेमला गेला, १८८० मध्ये त्याचा अहवाल आला आणि १८८३ मध्ये दुष्काळ संहितेचा नमुना तयार झाला. दुष्काळ पडला की काय काय करायचं याचं ते मॅन्युअलच. सरकारने लोकांना काम द्यायचं हे त्यात पक्कं झालं, आणि ही गोष्ट छोटी नव्हती. पण त्यात एक मेख होती. खरा गरजू कोण ते ओळखायला 'कसोट्या' होत्या. काम कष्टाचं हवं, मजुरी जगण्यापुरती हवी, आणि काम घरापासून लांब हवं. म्हणजे लांब चालत येऊन इतक्या कमी पैशात दगड फोडायला जो तयार होतो, तोच खरा उपाशी. बाकीचे आपोआप गळतील.

तुम्हाआम्हाला हे डिझाइन ओळखीचं वाटेल. एखाद्या वेबसाइटवर माणूस आहे की यंत्र हे ओळखायला जसा कॅप्चा असतो, तसा हा भुकेचा कॅप्चा. कागदपत्रं तपासायची गरज नाही, दाखला नको, वशिला नको. कसोटीच निवड करते. फक्त हा कॅप्चा इतका अवघड केला होता की पोचता पोचता माणसं मरायची.

आता उडी मारून १९६५ मध्ये येऊ. विठ्ठल सखाराम पागे हे नाव आपल्यापैकी किती जणांनी ऐकलंय? मी नव्हतं ऐकलं. तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे हे गांधीवादी गृहस्थ १९६० ते १९७८ अशी तब्बल अठरा वर्षं महाराष्ट्र विधान परिषदेचे सभापती होते. त्यांच्या डोक्यात एक साधा प्रश्न होता. गावात माणसाला वर्षातले अनेक महिने काम नसतं. त्याच गावात बांध घालायचे असतात, विहिरी खणायच्या असतात, रस्ते करायचे असतात. मग या दोन गोष्टींची गाठ का पडत नाही? १९६५ मध्ये तासगाव तालुक्यात या कल्पनेचा प्रयोग सुरू झाला. मागेल त्याला काम. दुष्काळ असो वा नसो.

त्याच सुमारास पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटमध्ये वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ हे दोघे भारतातल्या दारिद्र्याचा हिशेब मांडत होते. १९७१ मध्ये त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. जमीन वाटून सगळ्यांना पुरणार नाही, तेव्हा ग्रामीण भागात सार्वजनिक कामांतून रोजगार द्यावा आणि त्याचा खर्च वरच्या थरातल्या लोकांनी उचलावा, असा त्यांचा युक्तिवाद होता. ही ओळ लक्षात ठेवा. पीटीचे दोनशे रुपये इथूनच पुढे येणार आहेत.

आणि मग बाहत्तर उजाडलं. खरं तर दुष्काळ एका वर्षाचा नव्हता. आधीची दोन वर्षंही कोरडीच गेली होती, १९७२ च्या पावसाने कंबरडंच मोडलं. वसंतराव नाईक मुख्यमंत्री होते. १ मे १९७२ ला रोजगार हमी योजना जाहीर झालेली होती, पण दुष्काळाचा आवाका एवढा होता की ती बाजूला ठेवून सरसकट दुष्काळी कामं काढावी लागली. मे १९७३ मध्ये, ऐन उन्हाळ्यात, या कामांवर रोज सुमारे ५० लाख माणसं होती. पन्नास लाख. आपल्या एखाद्या शहरातल्या अख्ख्या आयटी क्षेत्राच्या कितीतरी पट माणसं, आणि ती सगळी उन्हात. त्यातली एक माझी आजी.

ज्याँ द्रेझ या अर्थतज्ज्ञाने नंतर या दुष्काळाचा बारकाईने अभ्यास केला. पिकं इतकी बुडूनही महाराष्ट्रात १८७७ सारखा मृत्यूचा तांडव झाला नाही, आणि याचं मोठं श्रेय त्याने या कामांना दिलं. कारण समजायला सोपं आहे. दुष्काळात गावातलं धान्यच फक्त संपत नाही, मजुरीही संपते. शेतात काम नाही म्हणजे हातात पैसा नाही, आणि पैसा नसेल तर दुकानात आलेलं धान्यही आपलं नाही. कामाने हातात पैसा आला, तो घेऊन माणूस रेशनच्या रांगेत किंवा बाजारात उभा राहू शकला. अर्थात सगळं गोड गोड नव्हतं. जनावरं गेली, दागिने गेले, घरंदारं सोडून माणसं मुंबई-पुण्याला आली. पण माणसं जगली.

आता प्रश्न असा की दुष्काळ संपल्यावर काय? एरवी सरकारं काय करतात? पाऊस पडला, कामं बंद, फाइल बंद. महाराष्ट्राने इथे एक वेगळी गोष्ट केली. योजना चालू ठेवली आणि तिच्यासाठी कायमचा पैसा उभा केला. १९७५ मध्ये 'महाराष्ट्र राज्य व्यवसाय, व्यापार, आजीविका व नोकऱ्या यांवरील कर' असं लांबलचक नाव असलेला कायदा आला. पगारदार, डॉक्टर, वकील, दुकानदार, सगळ्यांकडून रोजगार हमीसाठी कर. शिवाय मोटार वाहन करावर, ओलिताच्या जमिनींवर आणि शहरातल्या बिगरनिवासी जागांवरही भार टाकला. आणि या करांतून जेवढे जमतील तेवढेच सरकारने आपल्या पदरचे घालायचे.

पक्या, हे तुझ्या प्रश्नाचं उत्तर. पीटी दोनशे म्हणजे खडी फोडणाऱ्या बाईच्या मजुरीसाठी शहरातल्या पगारदाराने द्यायची वर्गणी. ती सुरू झाली तेव्हा तुझ्या-माझ्या आज्या वर्गणी घेणाऱ्या बाजूला होत्या. आपण देणाऱ्या बाजूला आलो आणि मधल्या काळात तिचं नावच विसरलो.

शहरवाले तयार कसे झाले? अभ्यासक म्हणतात की यात प्रत्येकाचा थोडा थोडा स्वार्थ होता. गावात काम मिळालं तर माणसांचे लोंढे मुंबईला यायचे नाहीत. गावातल्या बागायतदाराला फुकटात रस्ता, पाझर तलाव आणि वाढलेलं विहिरीचं पाणी मिळणार. राजकारण्यांना मतं. आणि मजुराला काम. मला तरी यात काही वाईट वाटत नाही. निव्वळ दयेवर उभी असलेली योजना पुढच्या बजेटमध्ये उडते. इथे सगळ्यांचे पाय एकमेकांत अडकलेले होते, म्हणून ती टिकली.

मग आला 'महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम, १९७७'. सर्व पक्षांच्या पाठिंब्याने मंजूर झालेला हा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. ग्रामीण भागातल्या कोणत्याही प्रौढ माणसाने अंगमेहनतीचं काम मागितलं की पंधरा दिवसांत ते द्यायचं. दिवसांची मर्यादा नाही. काम शक्यतो गावाच्या जवळ. बाईला आणि पुरुषाला एकच दर. आणि काम देता आलं नाही, तर बेकारी भत्ता. दिवसाला एक रुपया का होईना, पण भत्ता.

जरा थांबून १८८३ च्या कसोट्या आठवा. कष्टाची कसोटी राहिली. पण लांबच्या अंतराची कसोटी उलटी केली, जवळ काम देणं ही सरकारची जबाबदारी झाली. आणि मुख्य म्हणजे काम हा हक्क झाला. तो दिला नाही तर चूक सरकारची. हे मोठं वळण होतं, आणि ते आपल्या राज्यात घेतलं गेलं.

इथे कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? अमेरिकेसारखा सरळ बेकारी भत्ता का नाही दिला? प्रश्न रास्त आहे, म्हणून थोडं तिकडेही डोकावून आलो. १९२९ नंतरच्या महामंदीत अमेरिकेने दोन्ही मार्ग वापरले. हॅरी हॉपकिन्स या माणसाने १९३३ च्या हिवाळ्यात काही महिन्यांत ४० लाख लोकांना सरकारी कामावर घेतलं. १९३५ ते १९४३ या काळात 'डब्ल्यूपीए' या संस्थेने एकूण सुमारे ८५ लाख लोकांना काम दिलं. त्याच १९३५ मध्ये सोशल सिक्युरिटी कायद्याने बेकारी विमा सुरू केला. मालक विम्याचा कर भरणार, नोकरी गेली की ठराविक आठवडे भत्ता मिळणार. मंदी लांबली की हे आठवडे वाढवायची पद्धत १९५८ पासून पडली, १९७० मध्ये तर बेकारीचा दर ठराविक रेषेपलीकडे गेला की मुदत आपोआप वाढेल अशी कायदेशीर सोय झाली. २००८ च्या मंदीनंतर काही राज्यांत नेहमीचे २६ आठवडे वाढून ९९ पर्यंत गेले होते.

पण या विम्याला एक गोष्ट लागते. मालक. पगारपत्रक लागतं, नोकरी कधी लागली आणि कधी गेली याची नोंद लागते. १९७५ च्या माणमध्ये माझ्या आजीचा मालक कोण होता? पाऊस. तिची नोकरी गेली याचा दाखला कोण देणार? म्हणून तिथे काम हाच दाखला. जो येईल त्याचं नाव मस्टरवर. पागेंची योजना हे न जमलेल्या भत्त्याचं गरिबांसाठीचं रूप होतं असं मला आधी वाटलं होतं. ते चुकीचं होतं. ज्या लोकांसाठी ती होती, त्यांना लागू पडेल अशी हीच रचना होती.

आता दुसरी बाजू. ती सांगितली नाही तर हा निबंध सरकारी माहितीपत्रक होईल :-)

मस्टरवर खोटी नावं लागायची, हे गावागावात माहीत होतं. आजी म्हणते, मुकादमाच्या घरची म्हैससुद्धा मस्टरवर असेल. पगार वेळेवर व्हायचे नाहीत. रस्ते अर्धवट राहायचे, पुढच्या पावसात वाहून जायचे आणि मग पुन्हा त्याच रस्त्यावर काम निघायचं. बेकारी भत्ता कागदावर होता, प्रत्यक्षात जवळजवळ कुणालाच मिळाला नाही. १९८८ मध्ये रोजगार हमीची मजुरी किमान वेतनाबरोबर जोडली गेली आणि दर जवळपास दुप्पट झाले. न्याय म्हणून अगदी योग्य. पण मार्टिन रॅव्हॅलियन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये दाखवलं की त्यानंतर कामावरची हजेरी झपाट्याने घटली आणि मागेल त्याला काम मिळेनासं झालं. खर्च परवडेना, तेव्हा यंत्रणेने कायदा न बदलता गुपचूप नळ बारीक केला. नवीन कामच काढायचं नाही, अर्जाची पोचच द्यायची नाही. दुसरीकडे पुढच्या काळात रोजगार हमीच्या नावाने जमलेला पैसा न वापरता पडून राहिला, यावरून विधिमंडळात आणि बाहेर बरीच ओरड झाली. म्हणजे पक्याच्या वडिलांच्या पगारातून कर कापला जात होता, आणि माझ्या आजीच्या गावात काम नव्हतं. हे वाचल्यावर मला खरंच राग आला.

तरी जे झालं तेही मोजायला हवं. या कामांवर बायकांची संख्या मोठी होती. स्वतःच्या नावाने, पुरुषाएवढा पगार बाईने हातात घेणं ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. १९९० पासून रोजगार हमीतून फळबाग लागवड सुरू झाली, आणि आपण शहरात पेटीने विकत घेतो त्या आंब्या-डाळिंबांच्या कितीतरी बागा त्यातून उभ्या राहिल्या. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने नव्वदच्या दशकात याच योजनेतून चर खणले, पाणी अडवलं आणि टँकरचं गाव पाणीदार केलं. योजना तीच, मस्टर तेच. फरक एवढाच की तिथे अख्खं गाव कामावर लक्ष ठेवून होतं.

पुढे २००५ मध्ये संसदेने देशभरासाठी रोजगार हमीचा कायदा केला. त्याच्यामागे महाराष्ट्राचा तीस वर्षांचा अनुभव होता. प्रत्येक ग्रामीण कुटुंबाला वर्षाला १०० दिवस. आणि मग आला २०२०. लॉकडाऊनमध्ये आपण घरी बसून लॅपटॉप उघडला, आणि शहरांतून लाखो माणसं गावाकडे चालत निघाली. त्या तिमाहीत देशाचा जीडीपी जवळपास एक चतुर्थांशाने घसरला. मे २०२० मध्ये केंद्राने आधीच्या ६१,५०० कोटींच्या तरतुदीवर आणखी ४०,००० कोटी रुपये या योजनेत घातले आणि त्या वर्षात साडेसात कोटींच्या आसपास कुटुंबांनी तिच्यावर काम केलं. मंदीत काय करायचं याचं उत्तर आयत्या वेळी शोधत बसावं लागलं नाही, ते आधीपासून तयार होतं. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्या कायद्याच्या जागी १२५ दिवसांचा नवा कायदा मंजूर केला, ज्यात खर्चाचा मोठा वाटा राज्यांवर टाकलाय. त्यावर वाद चालू आहेत, आणि मी त्यातला तज्ज्ञ नाही. पण या सगळ्या वादांत 'मागणी केली की काम' हा धागा टिकतो का, एवढं मी तरी बघणार आहे. १९८८ नंतर नळ कसा बारीक झाला ते वाचलंय ना आता.

मग पक्याला काय मिळणार? खरं सांगायचं तर फार काही नाही. रोजगार हमी ग्रामीण भागासाठी आणि अंगमेहनतीच्या कामासाठी. ईएसआयसीने २०१८ मध्ये विमाधारक कामगारांसाठी बेकारी भत्त्याची योजना आणली. २०२० मध्ये भत्ता पगाराच्या २५ टक्क्यांवरून ५० टक्के केला, जास्तीत जास्त ९० दिवसांसाठी. पण ईएसआयसीची पगाराची मर्यादा २०१७ साली ठरली ती महिना २१,००० रुपये. पक्या त्याच्या कधीच पलीकडे गेलेला. म्हणजे त्याच्यासाठी विमा नाही आणि मस्टरही नाही. आहे ती बचत, आणि आईवडील.

याचा अर्थ व्यवसाय कर वाया गेला असा अजिबात नाही. उलट मला तर तो कमी वाटायला लागलाय. राज्यघटनेच्या कलम २७६ नुसार या कराची कमाल मर्यादा पूर्वी वर्षाला २५० रुपये होती. १९८८ च्या साठाव्या घटनादुरुस्तीने ती २,५०० झाली. आणि तेव्हापासून तिथेच आहे. १९८८ मध्ये २,५०० रुपये म्हणजे भल्याभल्यांचा महिन्याचा पगार. आज आपण चौघं जेवायला बाहेर गेलो की तेवढं बिल सहज होतं. शहर आणि गाव यांच्यातली ती दोरी कुणी तोडली नाही, फक्त महागाईने ती इतकी झिजली की आपल्या हाताला लागतसुद्धा नाही.

रविवारी संध्याकाळी आजीला फोन केला. तिला पीटी वगैरे सांगितलं, तिला त्यात फारसा रस नव्हता. मग पक्याचं सांगितलं, की मित्राची नोकरी गेलीय आणि तो लाजेने घरी बोलत नाहीये. त्यावर मात्र ती एकदम बोलायला लागली.

"लाज कसली रं? समदं गाव हुतं कामावर. पाटलाची सून माज्या शेजारी खडी फोडायची. पयल्या दिशी रडली, डोक्यावरचा पदर तोंडावर घेऊन. दुसऱ्या दिशी तिनंच मला हातुडा कसा धरायचा ते इचारलं. पाऊस न्हाई पडला त्यात तिची काय चूक हुती? तुज्या दोस्ताला म्हनावं, घरी सांग आदी. एकट्यानं उनात बसू नगं."

मी तेवढंच पक्याला पाठवलं, जसंच्या तसं. रात्री साडेदहाला त्याचा फोन आला. सांगितलं म्हणाला. बाबा दोन मिनिटं गप्प बसले, मग आईला म्हणाले, पान वाढ. जेवताना कोणी काही बोललं नाही. जेवण झाल्यावर बाबांनी विचारलं, "उद्यापासून डबा नको ना मग?" आणि सगळे हसले.

असो. माहितीचा वीकएंड होता. एक काम मात्र तुमच्याकडे आहे. जावा आणि स्प्रिंग बूट, सहा वर्षं अनुभव, पुणे किंवा मुंबई चालेल, हातात घेतलेलं काम अर्धवट सोडत नाही. कुणाच्या टीममध्ये जागा असेल तर कळवा, बायोडाटा लगेच पाठवतो. आणि पुढच्या फेब्रुवारीत पगारपत्रकात शंभर रुपये जास्त कापलेले दिसले की एचआरला मेल टाकायच्या आधी माझ्या आजीची खडी आठवा.